जुन्या गाडीचा आवाज : कुठून येतो हे नंतर, कधी येतो हे आधी

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. गाडी साठच्या दशकातली, चार सिलिंडरची, मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन बाहू) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). काही वर्षं उभी होती, आता पुन्हा रस्त्यावर आली आहे. सकाळी चालू केल्यावर बॉनेटखालून टकटक येते आणि इंजिन तापलं की विरते. ताशी 80 किलोमीटरच्या आसपास केबिन घुमायला लागते. लहान खड्ड्यांत पुढून डावीकडून ‘खट’ होतं, मागून कुरकुर येते. सायलेन्सर आणि चारही शॉक ॲब्सॉर्बर नवे बसवूनही आवाज तसेच आहेत आणि आता स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) व बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) बदलायचा सल्ला मिळालाय.

माझं पहिलं सांगणं : पुढचे काही दिवस एकही सुटा भाग विकत घेऊ नका. तुमच्या गाडीत वेगवेगळ्या कारणांचे चार आवाज आहेत आणि आतापर्यंत त्यांच्यावर अंदाजाने इलाज झाला आहे. पोलादातून आवाज सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर वेगाने जातो. पुढच्या विशबोनच्या बुशातला (सांध्यातल्या रबरी बाहीतला) ठोका चासीतून, फायरवॉलमधून, पेडलच्या कंसातून तुमच्या पायाशी येतो आणि कान छातीठोकपणे सांगतो की तो डॅशबोर्डखाली आहे. जागेच्या बाबतीत कानावर विसंबू नका. आवाज केव्हा येतो आणि काय केलं की बदलतो, हे मात्र कान अचूक सांगतो. सगळा शोध तिथूनच सुरू करा.

बदलायच्या गोष्टी मोजक्याच आहेत : इंजिनाचा वेग, रस्त्यावरचा वेग, भार (म्हणजे ॲक्सिलरेटर दाबलेला की सोडलेला, वळण, ब्रेक), तापमान आणि रस्त्याचा पृष्ठभाग. एका वेळी एकच बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला फोनवर रेकॉर्ड करत बोलायला सांगा : ‘तिसरा गिअर, पन्नास, पाय काढला.’ घरी शांतपणे ऐकल्यावर, गाडी चालवताना निसटलेल्या बऱ्याच गोष्टी कळतात. चालत्या गाडीच्या डिकीत मात्र कुणालाही बसवू नका. का ते पुढे येईल.

त्याआधी एक साधं काम. डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, हत्यारं, स्टेपनी सगळं बाहेर काढा. बॅटरीची पट्टी, बॉनेटचं कुलूप, दारांच्या स्ट्रायकर प्लेट हलवून बघा. चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. तारेची चाकं असतील तर हबच्या स्प्लाइन (चाक पकडणारे दाते) झिजल्यात का पाहा. तो ‘टक्’ ब्रेक लावताना आणि गाडी सुटताना येतो आणि हुबेहूब सस्पेन्शनसारखा वाटतो. हे केल्याशिवाय गाडीखाली जाण्यात अर्थ नाही.

आता सकाळची टकटक. थंडीत येते आणि तापल्यावर जाते, हे तुम्ही स्वतःच नोंदवलंय आणि निम्मं निदान त्यातच आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) आणि सिलिंडर हेड यांच्यामधला गॅस्केट फुंकला गेला असेल किंवा ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डला तडा असेल, तर थंड असताना फट उघडी राहते आणि धातू प्रसरण पावला की ती मिटते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाजही असाच वाटतो आणि गोंधळ होण्याला ठोस कारण आहे : प्रत्येक सिलिंडरची फुंकर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येते आणि त्याचा प्रत्येक व्हॉल्व्हही दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. 800 आरपीएमच्या (मिनिटाला 800 फेऱ्यांच्या) आयडलिंगला दोघांचे ठोके मिनिटाला 400. ताल सारखाच, म्हणून तालावरून ओळख पटणार नाही.

फरक करायचा तर त्या सिलिंडरचा स्फोट थांबवा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचं टोक इंजिनाला अर्थ करा (मोकळं सोडलं तर कॉइलवर ताण येतो), मग चालू करून थोडाच वेळ ऐका. टकटक मऊ पडली किंवा गेली तर ती गॅसची गळती. काहीच फरक नाही, तर टॅपेट. असं एकेक सिलिंडर करत जा. गळती असेल तर मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीची काळी रेघही सापडते.

गळतीची नेमकी जागा शोधायला मी रबरी नळीचा तुकडा वापरतो. एक टोक कानाशी, दुसरं जोडाजोडावरून फिरवायचं. लांब स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगसाठी उत्तम, कारण तो धातूतली कंपनं आणतो. गळती हवेतून ऐकू येते, तिथे नळीच हवी. नळी आणि हात पंख्यापासून लांब ठेवा. दुसरी पद्धत, इंजिन पूर्ण बंद आणि गार असताना : व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू टेलपाइपला कापडाने बसवायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारायचं. बुडबुडे जागा दाखवतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होत असेल तर तेही गळतीचंच लक्षण असू शकतं. जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळालेलं पेट्रोल पाइपात पेटतं. अशा वेळी लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. आधी जोड तपासा.

मॅनिफोल्ड काढायचाच झाला तर दोन गोष्टी सांभाळा. जुन्या गॅस्केटमध्ये आणि पाइपवर गुंडाळलेल्या पट्ट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता बरीच असते. कोरडं घासू नका, ग्राइंडर लावू नका. ओलं करा, योग्य मास्क घाला, अखंड उचलून पिशवीत बंद करा. दुसरं, स्टड तुटण्याचं. आदल्या दिवसापासून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि नट थोडा सैल, थोडा घट्ट असा मागेपुढे करत आणा. सरळ जोर लावला की स्टड हेडमध्येच तुटतो आणि तासाभराचं काम आठवड्याचं होतं. परत बसवताना पितळी नट वापरले तर पुढच्या वेळी ते सुटतील. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहा. तो वाकलेला असेल तर नवा गॅस्केटही टिकणार नाही. आधी फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून घ्या.

घुमण्याच्या आवाजासाठी थोडं गणित करावं लागेल, पण ते फार उपयोगी आहे. ताशी 80 म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटर. टायरचा घेर 1.9 मीटर धरला तर चाक सेकंदाला 12 च्या जवळपास फेऱ्या घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर 4 च्या आसपास असेल तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची गती मागच्या ॲक्सलकडे नेणारा दांडा) 47 फेऱ्या घेतो. टॉप गिअर थेट, म्हणजे 1:1 असेल तर इंजिनही तितक्याच, म्हणजे 2800 आरपीएम. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, म्हणून एक्झॉस्टचा मूळ सूर 94 हर्ट्झच्या आसपास. तुमच्या गाडीचे आकडे घालून हे पुन्हा काढा आणि फोनमधल्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपमध्ये कुठली वारंवारता उंच दिसते ते पाहा. 12 च्या जवळचं काही असेल तर ते कानापेक्षा स्टीअरिंगला आणि सीटला जास्त जाणवतं, ते टायर-चाकाचं. 47 असेल तर शाफ्टचा संशय, 94 असेल तर एक्झॉस्ट.

ॲप नसेल तरी चालेल. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरत असल्यामुळे तिथे त्यांना वेगळं करता येत नाही. म्हणून मोकळ्या, सरळ रस्त्यावर घुमणं सुरू झालं की क्लच दाबा आणि इंजिन आयडलिंगवर येऊ द्या. इग्निशन बंद करू नका. घुमणं लगेच गेलं तर ते इंजिन किंवा एक्झॉस्टचं. तसंच राहिलं तर चाकं, टायर, शाफ्ट, डिफरन्शियल. मग तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन त्याच आरपीएमला न्या. वेग कमी असूनही घुमणं परत आलं तर शंका उरली नाही. तुमच्याकडे आवाज नव्या सायलेन्सरनंतरही तसाच आहे, म्हणून मला सायलेन्सरपेक्षा त्याच्या टांगणीवर (पाइप टांगून धरणाऱ्या रबरांवर आणि क्लॅम्पवर) जास्त संशय आहे.

टांगणीकडे मी मुद्दाम जास्त वेळ देतो, कारण नवी सिस्टिम बसवताना सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. पोलादी पाइपाचं दोन मीटरमागे 300 अंश तापमानवाढीला सुमारे 7 मिलिमीटर प्रसरण होतं; 304 दर्जाच्या स्टेनलेसचं 10 मिलिमीटर. थंड असताना गाडीच्या फरशीपासून जेमतेम सुटलेला पाइप अर्ध्या तासाने तिला टेकतो आणि मग अख्खी फरशी ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखी थरथरते. टेकण्याची जागा शोधणं सोपं आहे : पाइपावर आणि त्याच्यासमोर गंज घासला जाऊन चकचकीत झालेला ठिपका असतो. सगळे क्लॅम्प सैल करा, सिस्टिम स्वतःच्या वजनाने लोंबू द्या, रबरं सरळ उभी आहेत ना पाहा, मग घट्ट करा. इंजिन चांगलं तापवून, पाइप गार झाल्यावर एकदा पुन्हा तपासा. रबर टणक झालं असेल, त्यावर बारीक भेगा असतील तर बदला. कुणी रबराऐवजी तार किंवा लोखंडी पट्टी लावली असेल तर इंजिनाची सगळी कंपनं बॉडीत जाणारच.

आणि इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ती रबरं) विसरू नका. वर्षानुवर्षं तेल पिऊन मऊ पडलेलं माउंटिंग भार आला की इंजिनाला एका अंगाला झुकू देतं, त्यासोबत पुढचा पाइप झुकतो आणि स्टीअरिंग कॉलमला किंवा चासीला ठोकतो. आवाज एक्झॉस्टचा, दोष रबराचा. हँडब्रेक घट्ट, चाकांना अडणी आणि गाडीपुढे कुणीही उभं नाही, अशा स्थितीत क्लच हलकाच उचलून दुसऱ्याला बाजूने इंजिन किती उचललं जातं ते पाहायला सांगा. पुढे आणि मागे, दोन्ही गिअरमध्ये.

सायलेन्सरच्या आत तुटलेली जाळी खडखडते. गार असताना रबरी हातोडीने हलकं ठोकलं की ती बोलते. मागचा सायलेन्सर आधी सडतो याचं कारण पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं आणि छोट्या फेऱ्यांत मागचा भाग ते वाफेच्या रूपात बाहेर टाकण्याइतका तापतच नाही. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याची सवय जुन्या गाडीचं नुकसान करते. चालवायची तर चांगली तासभर चालवा.

एक्झॉस्टच्या गळतीकडे केवळ आवाज म्हणून बघू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. जुन्या गाडीच्या फरशीला छिद्रं असतात, डिकीचं रबर आटलेलं असतं आणि मागे तयार होणाऱ्या कमी दाबामुळे धूर आत ओढला जातो. फोक्सवॅगन बीटलसारख्या एअर-कूल्ड गाडीत तर हीटरची हवा एक्झॉस्टच्या भोवतीच तापते. तिथलं हीट एक्स्चेंजर सडलं की धूर थेट प्रवाशांपर्यंत येतो. गाडीत बसल्यावर डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर आल्यावर बरं वाटतं, असं एकदा जरी झालं तरी दुरुस्तीपर्यंत ती गाडी चालवू नका. डिकीत कुणाला बसवू नका असं म्हटलं त्याचं एक कारण हेही आहे.

आता पुढचा ‘खट’. रॅक बदलण्याआधी अर्धा तास द्या. सपाट, कठीण जागा हवी, मागच्या चाकांना अडणी हवीत आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचेच. स्प्रिंग खालच्या विशबोनवर बसत असेल तर जॅक त्या विशबोनखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ लावा. चासीखाली जॅक लावला तर स्प्रिंग विशबोनला खाली दाबून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. ‘मी तपासलं, प्ले (ढिलेपणा) नाही’ असं सांगणारे बहुतेक जण इथेच फसतात.

चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा (काही गाड्यांत चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिनेचा). मग 9 आणि 3 च्या जागी हलवा. हा स्टीअरिंगच्या जोडांचा मार्ग. ते जमिनीवर तपासणं जास्त चांगलं : चाकं जमिनीवर, इंजिन बंद, एकाने स्टीअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा), आतला जोड आणि रॅकच्या माउंटिंगवर एकेक करून हात ठेवायचा. बोटांना जो धक्का लागतो तो कानापेक्षा प्रामाणिक असतो. रॅकमध्ये काही जाणवलं नाही तर तो बदलायचं कारण नाही. पुष्कळदा रॅक चांगला असतो आणि त्याला धरून ठेवणारं रबर गेलेलं असतं.

तुमची गाडी किंगपिनची असेल तर ग्रीसिंगही तपासा. चाक उचललेलं असताना ग्रीस भरा, म्हणजे ते भार घेणाऱ्या पृष्ठभागांपर्यंत पोचतं. काही गाड्यांत ट्रुनियन (बॉल जॉइंटच्या जागी असलेला फिरता सांधा) असतो. ट्रायम्फ हेराल्डमध्ये त्याला ग्रीस नव्हे तर गिअर ऑइल लागतं. तो कोरडा राहिला तर आवाजावर थांबत नाही, मोडतो आणि चाक दुमडतं.

यानंतर रस्त्यावर एक परीक्षा. आडव्या उंचवट्यावरून दोन्ही पुढची चाकं एकदम न्या. मग तेवढ्याच उंचीवरून फक्त डावं चाक न्या. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारा, गाडीचं झुकणं आवरणारा दांडा) पिळला जात नाही. एकच गेलं तर पिळला जातो. एका चाकाला ‘खट’ आणि दोन्हींना शांतता असेल तर बारच्या लिंका आणि त्याची बुशं पाहा. तुम्ही ‘लहान खड्ड्यांत’ म्हटलंय, म्हणून माझा पहिला संशय याच जागेवर आहे. खराब रस्त्यावर ब्रेक पेडल अगदी हलकं टेकवल्यावर खडखड थांबली तर ती पॅडची किंवा सैल कॅलिपरची. ब्रेक जोरात लावताना एकच ठोका आला तर टाय बारची (विशबोनला मागेपुढे सरकू न देणाऱ्या दांड्याची) किंवा विशबोनची बुशं.

शॉक ॲब्सॉर्बर नवे असले तरी ते बरोबर बसले आहेत का हे पाहावं लागेल. वरच्या नटाखालचे वॉशर आणि रबरं उलटसुलट लागली, किंवा रबर पुरेसं दाबलं गेलं नाही, तर नवा शॉक पहिल्या दिवसापासून ठोकतो. लांबी चुकीची असेल तर तो तळाला आपटतो. बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दाबलं की ज्यावर टेकतं त्या रबरी ठोकळ्यावर) खडू लावून फेरी मारा, खडू पुसला गेला की सस्पेन्शन तिथपर्यंत येतंय हे कळेल. दोन्ही बाजूंना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. डावी बाजू बसलेली असेल तर स्प्रिंगकडे वळा. मॉरिस मायनर, एमजीबी अशा गाड्यांत पुढचा लीव्हर-आर्म शॉक हाच वरचा विशबोन असतो. त्याच्या पिनेतला प्ले म्हणजे सस्पेन्शनमधलाच प्ले, आणि तेल कमी झालं की तो आधी ठोकतो, मग निकामी होतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती : रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट केले होते का? आत-बाहेर धातूची नळी आणि मध्ये चिकटवलेलं रबर अशी जी बुशं असतात, ती फिरत नाहीत, पिळली जातात. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. मग ते कुरकुरतं, गाडी किंचित उंच उभी राहते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. शॉक बदलताना हे बोल्ट उघडले गेले असण्याची शक्यता आहे. गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर, पूर्ण वजनानिशी उभी करा, ते बोल्ट सैल करा, गाडी चार-पाच वेळा दाबून सोडा आणि मग ठरलेल्या टॉर्कप्रमाणे आवळा. या कामाला खर्च नाही, म्हणून ते कुणी सुचवत नाही.

कुरकुर कुठल्या बुशाची हे शोधायला साधं पाणी. एका बुशावर पाणी फवारा, गाडी दाबा, ऐका. मग पुढचं. जिथे आवाज थोडा वेळ बंद होतो ते दोषी. रबरावर इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका. नैसर्गिक रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकोन चालतं. पॉलियुरेथेनची बुशं बसवायचा विचार असेल तर माझं मत प्रतिकूल आहे : ती टिकतात, पण रस्त्याचा आवाज बॉडीत जास्त जाऊ देतात आणि कोरडी पडली की स्वतःच कुरकुरतात. आरामात चालवायच्या गाडीला रबरच शोभतं.

मागच्या पाट्यांत कुरकुर दोन ठिकाणी होते, पाट्यांच्या टोकांना आणि शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या हलत्या कडीच्या) बुशांत. पाट्यांमध्ये रबरी किंवा प्लास्टिकच्या गोट्या नसतील तर पाटे साफ करून ग्रॅफाइट ग्रीस लावता येतं. पण आधी यू-बोल्ट (ॲक्सल पाट्याला आवळून धरणारे) तपासा आणि पाट्यांचा मधला बोल्ट तुटला नाही ना पाहा. तो तुटला की ॲक्सल पाट्यावर सरकतो, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस वेगळा भरतो आणि गाडी एका अंगाने चालायला लागते. पाट्यांचे हँगर जिथे चासीला वेल्ड केलेत ती जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. तिथे गंजाचे पापुद्रे निघाले तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी वेल्डिंग करून घ्या. गाडी सुटताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना मागून एकच ठोका येत असेल तर तो पाट्यांचा असेलच असं नाही. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे फिरते सांधे) हाताने पिळून पाहा.

क्रम असा ठेवा : आधी मॅनिफोल्डची गळती, मग एक्झॉस्टची टांगणी आणि इंजिन माउंटिंग, मग बुशांचे बोल्ट वजनावर आवळणं, मग अँटी-रोल बारच्या लिंका. प्रत्येक कामानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी मारा आणि काय बदललं ते लिहून ठेवा. एवढं करूनही डावीकडचा ‘खट’ राहिला तर मला तीन गोष्टी कळवा : दोन्ही चाकं एकदम गेल्यावर तो येतो का, ब्रेक टेकवल्यावर थांबतो का, आणि जॅक विशबोनखाली लावून 12-6 ला किती प्ले मिळतो. त्यावरून पुढचा भाग कुठला उघडायचा ते सांगता येईल.